धनेगावच्या मोरीचं पाणी: कशाला चालतं, किती पडतं

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, गोंड समाजाची माणसं देशभरातून येतात आणि डोंगराच्या पायथ्याच्या धनेगावात पाण्यावर ताण येतो. यात्रेत जेवणाचा मंडप टाकणाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनीही खर्चाआधी एवढं ठरवावं: वापरलेलं पाणी पुन्हा कशाला हवं? दर्जा त्यावर ठरतो, पैसाही.

तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी सगळ्यात बरं. खर्च काहीच नाही. बादलीत धरा, झाडांना घाला. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून काढलं, की केळी, पपई, शेवग्याच्या आळ्यात चालतं. मुळा, कोथिंबीर मात्र कच्ची खातो, तिथे नको. गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, नाहीतर वास मारतं. भांड्यांच्या पाण्यात तेल असतं, त्यानं गाळणी तुंबते. आधी तेल अडवणारी छोटी टाकी हवी आणि वरचा तवंग रोज काढायला हवा. संडासाचं पाणी यात मिसळू देऊ नका. मिसळलं, की सगळंच त्या दर्जाचं होतं आणि घरगुती गाळणीचा उपयोग उरत नाही.

गाळलेलं पाणी नितळ दिसलं तरी पिऊ नका, त्यात भांडीही विसळू नका. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय चालत नाही. वाळू ती हमी देत नाही.

आता हिशेब. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरनं पाच जणांच्या घराला रोज २७५ लिटर पाणी. त्यातलं २०० लिटरच्या आसपास मोरीतून जातं. झाडांना घालून उरलेल्यासाठी चार फूट लांब, रुंद, खोल शोषखड्डा पुरतो. खणायला दोन मजुरांचा एक दिवस धरा: रोहयोच्या २०२५-२६च्या ३१२ रुपये दरानं ६२४ रुपये. घरच्यांनी खणला तर तेही वाचतात. खड्ड्यात बसवायची भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि दगड यांचा भाव तालुक्याच्या गावी, सालेकशात विचारून त्यात जोडा. विहिरीपासून खड्डा निदान ५० फूट दूर आणि उताराच्या बाजूला हवा.

सामूहिक कामाला स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. हजार वस्तीला २ लाख ८० हजार. त्यातला ३० टक्के भाग ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असे. आज कोणता निधी मिळतो, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा आणि विषय ग्रामसभेत घ्या. मंडपवाल्यांना जागा देतानाच तेलाच्या टाकीची आणि खड्ड्याची अट घाला, म्हणजे खरकटं पाणी नाल्यात जाणार नाही.