सेवाग्रामची शाळा

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर सेवाग्राम हे गाव आहे. पूर्वी त्यास शेगाव म्हणत. १९३६ साली महात्मा गांधी येथे राहावयास आले आणि १९४० मध्ये गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील बापूकुटी पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. परंतु याच गावातील एका शाळेकडेही एके काळी साऱ्या देशाचे लक्ष लागले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्या काळच्या शाळांत पाठांतराला फार महत्त्व असे. वरच्या वर्गांचे शिक्षण बहुधा इंग्रजीतून चाले. शिकलेला मुलगा कचेरीतील नोकरी शोधी आणि शेतकऱ्याच्या मुलाला बापाच्या नांगराची लाज वाटू लागे. हाताने काम करणारे शिकलेले नसत आणि शिकलेल्यांना हाताने काम करणे कमीपणाचे वाटे. ही दरी बुजावी कशी, याचा विचार करण्यासाठी १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखेस वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात एक परिषद भरली. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. परिषदेने ठरविले की, सर्व मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. ते मातृभाषेतून दिले जावे. आणि एखादा उत्पादक हस्तव्यवसाय त्याच्या केंद्रस्थानी असावा. योजना आखण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला ‘नई तालीम’ हे नाव पडले.

१९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याच्या देखरेखीखाली सेवाग्रामची शाळा चालू लागली. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने तिचा भार उचलला. दोघेही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात काम करून आलेले होते.

वर्धा जिल्हा कपाशीचा. हिंगणघाटचा कापूस तर पूर्वीपासून नावाजलेला. तेव्हा कापूस हाच येथील मुलांचा पहिला धडा झाला. बोंडातून कापूस वेचावयाचा, सरकी काढावयाची, कापूस पिंजून त्याचे पेळू करावयाचे आणि तकलीवर सूत कातावयाचे, असा तो क्रम होता. पण केवळ सूत निघाले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. चार फुटांचा एक तार व अशा ६४० तारांची एक गुंडी. तर एका गुंडीत सूत किती? २,५६० फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा मैल! आपल्या बोटांतून निघालेल्या धाग्याची लांबी काढताना गुणाकार रुक्ष वाटत नाही. कपाशीला काळी जमीन का मानवते, हे विचारले की भूगोल आला. आपल्या देशातील विणकरांचा धंदा का बुडाला, हे विचारले की इतिहास आला. म्हणजे हातातील काम हेच पुस्तकाचे पहिले पान होते.

या शाळेत कलेलाही मानाचे स्थान होते. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ पासून येथील मुलांना चित्रकला शिकवीत. पुढे १९४७ मध्ये मोठ्या मुलांसाठी ‘उत्तर बुनियादी’ वर्ग निघाले. या मुलांकडून शाळेची अपेक्षा मोठी होती. शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे त्यांनी स्वतः करावीत; आपल्या श्रमातून आपला खर्च शक्य तितका भागवावा; आणि आपला कारभार आपल्या सभेत ठरवावा. झाडू व फावडे सर्वांच्याच हाती येई. त्यात जातीचा प्रश्न नसे. ज्या समाजात सफाईचे काम एका वर्गावर लादलेले होते, तेथे ही लहान गोष्ट नव्हती.

या योजनेवर आक्षेपही आले. शाळेचा कारखाना होईल आणि मुले मजूर बनतील, असे काहींना वाटले. खुद्द झाकीर हुसेन समितीनेच इशारा देऊन ठेवला होता की, उत्पन्नाकडे लक्ष देताना शिक्षणाचा हेतू बाजूला पडण्याचा धोका आहे. तो इशारा खोटा ठरला नाही. स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी मूलोद्योग शाळा निघाल्या; परंतु पुष्कळ ठिकाणी तकली एका तासापुरती फिरे आणि उरलेला वेळ जुनेच पाठांतर चाले. काम एकीकडे आणि धडा दुसरीकडे राहिला. पालकांनाही मुलांनी सूत कातण्यापेक्षा परीक्षा देऊन नोकरी मिळवावी, असे वाटे. हळूहळू ही चळवळ ओसरली आणि सेवाग्रामची शाळाही बंद पडली.

तथापि बी जमिनीत होते. २००५ साली सेवाग्रामच्या त्याच परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली. तेथे मुले मराठीतून शिकतात. गणित आणि विज्ञानाबरोबर शेतीत राबतात, सूत कातावयास व स्वयंपाक करावयास शिकतात.

चांगली शाळा मुलांना पुष्कळ देते, हे खरे. परंतु ती त्यांच्याकडून काही मागतेही. सेवाग्रामच्या शाळेने ज्ञान आणि श्रम यांची फारकत होऊ देऊ नका, एवढेच मागितले. मागणे साधे होते. ते पुरे करणे मात्र सोपे नव्हते आणि आजही नाही.

स्वाध्याय

१. वर्ध्याच्या परिषदेने कोणत्या गोष्टी ठरविल्या?
२. कापसाच्या कामातून गणित, भूगोल व इतिहास कसे शिकविले जात?
३. ‘काम एकीकडे आणि धडा दुसरीकडे राहिला’, असे का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील एक व्यवसाय निवडा. त्यातून कोणकोणते विषय शिकता येतील, ते दहा ओळींत लिहा.