वाघाची वाट आणि आपला रस्ता

नागपूरहून जबलपूरकडे मोठा रस्ता जातो. मनसर गेले, देवलापार आले, की पेंचचे जंगल लागते. तिथे रस्ता जागोजागी खांबांवर चढतो. वरून मोटारी धावतात. खाली माती, गवत, झुडपे आहेत. सगळीकडे काही नदी नाही. मग एवढे पूल कशाला?

हे पूल जनावरांसाठी आहेत.

रस्ता रुंद झाला म्हणजे मोटारी वाढतात. रात्री चितळ आडवे आले तर चितळ मरते, मोटारीतला माणूसही मरतो. म्हणून रुंदीकरणाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. शेवटी जनावरांना खालून वाट ठेवायचे ठरले. असे लहानमोठे नऊ पूल झाले. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे.

पण जनावरांना कोण सांगणार, की बाबांनो, खालून जा? पैसा पाण्यात गेला तर? हे पाहण्याचे काम डॉ. बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हबीब हे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले शास्त्रज्ञ. त्यांनी आधी सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर लांडग्यांचा अभ्यास केला. लांडगे पिले घेऊन एक बीळ सोडून दुसऱ्या बिळात जातात, हे त्यांनी नोंदवले. पुढे ते विदर्भातल्या वाघांकडे वळले.

२०१९ साली त्यांनी पुलांखाली ७८ कॅमेरे लावले. समोरून जनावर गेले की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. मार्च ते डिसेंबर असे हे काम चालले. चितळ, सांबर, रानडुक्कर, रोही, रानकुत्री अशी १८ जातींची जनावरे खालून गेली. एकूण ५,४५० वेळा गेली. त्यांत ११ वाघ होते. ते ८९ वेळा गेले.

वाघ अकराच, हे कसं कळलं? आपण सही शिकण्याआधी अंगठा उठवत होतो. एकाचा अंगठा दुसऱ्यासारखा नसतो. वाघाच्या अंगावरचे पट्टे तसेच असतात. फोटो शेजारी ठेवले की वाघ ओळखता येतो.

वाघ एवढा हिंडतो तरी का? वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचा मुलूख लागतो. यवतमाळच्या टिपेश्वर जंगलातल्या एका वाघाला २०१९ साली गळ्यात पट्टा बांधला होता. तो कुठे आहे ते त्या पट्ट्यावरून कळे. तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा जंगलापर्यंत गेला. एकूण ३,००० किलोमीटरहून अधिक चालला. वाटेत शेते होती, गावे होती. तो बहुधा रात्री चाले आणि दिवसा झुडपात पडून राही. माणसे त्या झुडपात शिरली तेव्हा मात्र एक जण जखमी झाला.

यातून आपण काय घ्यावे? वाघ दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करू नये. पुलाखाली गुरे बांधू नयेत, मुक्काम करू नये. झाडाला कॅमेरा दिसला तर हात लावू नये. आपल्याला जसा रस्ता लागतो, तशी त्यांनाही वाट लागते. ती मोकळी राहिली तर दोघांचाही जीव वाचतो.