फिरते बिनतारी केंद्र आणि स्पर्धेचा दिवस

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावयाचा, स्वतःचे प्रक्षेपक यंत्र चालवावयाचे, आणि पैशाचा काडीइतकाही व्यवहार न करता आपल्यासारख्याच छांदिष्टांशी बोलावयाचे. घरच्या गच्चीवरून हे करणारे बरेच आहेत; परंतु मोटारीत यंत्र बसवून घाटा-नदीकाठी केंद्र चालविणारे थोडे. आदिलाबादसारख्या डोंगर-जंगलाच्या मुलखात खरी गरज याच विद्येची. म्हणून तिचा अभ्यास एका स्पर्धेच्या निमित्ताने येथे मांडावयाचा आहे.

जुलैच्या तिसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी अतिउच्च कंपनलहरींची एक जागतिक स्पर्धा होते. आपल्या घड्याळाप्रमाणे ती शनिवारी रात्री ११.३० ला सुरू होऊन सोमवारी पहाटे २.३० ला संपते. एकूण २७ तास. तीत ‘रोव्हर’ म्हणजे भटक्या केंद्रांचा स्वतंत्र गट असून एका गाडीत जास्तीत जास्त दोनच चालक चालतात. या स्पर्धेत नाव-गाव सांगावयाचे नसते. सांगावयाचा असतो तो आपला चौकोन.

हा चौकोन काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. इंग्लंडातील मेडनहेड गावी १९८० साली ठरलेल्या पद्धतीने सगळी पृथ्वी चौकोनांत विभागली आहे. प्रत्येक चौकोन दोन रेखांश रुंद व एक अक्षांश उंच. आपल्या बाजूला हे माप सुमारे २१० किलोमीटर बाय १११ किलोमीटर भरते. आदिलाबाद शहर आणि निर्मल हे दोन्ही ‘एम-के-९९’ मध्ये येतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे (२०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले) पश्चिमेचे भैंसा मात्र ७८ रेखांशाच्या किंचित अलीकडे असल्यामुळे ‘एम-के-८९’ मध्ये पडते. उत्तरेस पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यास पोचलात की २० अक्षांश ओलांडलेला असतो आणि चौकोन होतो ‘एम-एल-९०’. म्हणजे भैंसा, निर्मल, आदिलाबाद, पांढरकवडा एवढ्या एका दिवसाच्या प्रवासात तीन चौकोन हाती येतात. नकाशावर हे इतके सोयीचे पडणे फार थोड्या जिल्ह्यांच्या नशिबी असेल!

भटक्या केंद्राचा फायदा असा, की नव्या चौकोनात गेल्यावर पूर्वीच्याच स्नेह्याशी पुन्हा बोलले तरी ते संभाषण नव्याने धरले जाते. समजा, आपला एक मित्र निजामाबादेस गच्चीवर बसला आहे. त्याच्याशी भैंशाहून बोललात, मग निर्मलहून बोललात, तर दोन संभाषणे झाली, आणि त्यालाही दोन नवे चौकोन मिळाले. दोन मीटर पट्ट्यावर प्रत्येक संभाषणाचे दोन गुण. गुणांच्या बेरजेला चौकोनांच्या संख्येने गुणावयाचे. म्हणूनच भटक्या गाडीची वाट सगळेच पाहतात.

पण बोलणे पोचेल का? इथेच गणित लागते. या लहरी बहुतेक सरळ जातात. आकाशकांडी जमिनीपासून जितके मीटर उंच असेल त्याचे वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणावे, म्हणजे तिचे क्षितिज किलोमीटरांत मिळते. दोन्ही केंद्रांच्या क्षितिजांची बेरीज ती साधारण पल्ल्याची मर्यादा. मोटारीच्या टपावरील कांडी दोन मीटर धरली तर क्षितिज जेमतेम ६ किलोमीटर. मित्राची कांडी १० मीटर उंच, तिचे १३. दोहोंची बेरीज १९. निर्मल ते निजामाबाद सरळ अंतर मात्र सुमारे ५५! आता गाडी सपाटीपासून १०० मीटर उंच टेकडीवर नेली तर तिचेच क्षितिज ४१ होते आणि बेरीज ५४ वर जाते. यंत्राची शक्ती दुप्पट करण्यापेक्षा टेकडी चढणे किती लाभाचे, हे यावरून दिसेल. हवा अनुकूल असली तर लहरी या मर्यादेपलीकडेही जातात. परंतु बेत मर्यादेचाच धरावा.

ही आकडेमोड केवळ गुणांसाठी नाही. याच भागात १९५८ साली कडेम धरण पुराने फुटले होते. जुलै २०२२ मध्ये त्याच धरणात क्षमतेहून अधिक पाणी आले आणि खालची गावे हलवावी लागली. अशा वेळी वीज जाते, त्यापाठोपाठ मोबाइलचे मनोरे मुके होतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी यंत्रे नेऊन निरोप पोचविले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतर्फे गेलेल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या. दूरदूरच्या केंद्रांशी बोलण्याच्या हौसेने गेलेले ते पथक एका दिवसात मदतीचे केंद्र बनले. त्यांचे यंत्र, त्यांची कांडी आणि त्यांचा सराव त्या दिवसाआधीच तयार होता.

आता गाडीची तयारी. दोन मीटर पट्ट्याची पाव लहरीची कांडी सुमारे अर्धा मीटर लांब भरते. ती टपाच्या मधोमध बसवावी, कारण टपाचा पत्रा हाच तिचा आरसा. वीज सिगारेट पेटविण्याच्या खाचेतून घेऊ नये. ५० वॅटचे यंत्र १० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते; तारा थेट बॅटरीपासून आणाव्यात, दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज असावा. इंजिन चालू असता कर्कश आवाज येऊ लागला तर ते बंद करून ऐकावे. मंद हाक ऐकू येईल. मात्र बॅटरी उतरू देऊ नये, घाटात गाडी ढकलायला कोण येणार? जुलैत विजा कडाडतात, तेव्हा उंच कड्यावरील मोह आवरून कांडी खाली घ्यावी. परवान्याच्या शर्तींत गाडीतून केंद्र चालविण्याची मुभा कोणत्या अटींवर आहे, हेही निघण्यापूर्वी वाचावे.

एकाने गाडी हाकावी, दुसऱ्याने यंत्र सांभाळावे. वळणावर हाती माइक घेणारा चालक दोन्ही कामे बिघडवितो. हाक थोडकी असावी. आदिलाबादच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी एकत्र चालतात, म्हणून आमच्याकडे उच्चाराची सरमिसळ नवी नाही. पण हवेत ‘एम’ आणि ‘एन’ सहज एक होतात. तेव्हा अक्षरे ‘माइक, किलो, नाइन, नाइन’ अशीच सांगावीत, सांगितलेले परत म्हणवून घ्यावे. वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहावी. चौकोन बदलला की वहीत नवे पान उघडावे आणि वर ठळक अक्षरांत त्या चौकोनाचे नाव घालावे. तपासनीस दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहतात, आणि एक अक्षर चुकले तर ते संभाषण बाद होते.