केबल बदलली की बेस वाढतो का?

प्रश्न : माझ्या वायरवाल्या हेडफोनचा बेस अलीकडे पार गेलाय. जाड तांब्याची केबल लावली की आवाज सुधारतो, असं मित्र म्हणतो. सोल्डरिंग मला जमतं. घरीच करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केबल खरखरत नसेल, तर ती बदलून बेस वाढणार नाही. चांगल्या तारेचा रोध हेडफोनच्या ३२ किंवा ३०० ओहमपुढे किरकोळच असतो.

आधी कुशन बघा. रेक्झिन तडकलं, फोम चपटा झाला की कानाभोवती फट पडते आणि खर्जाचा जोर तिथूनच निसटतो. गाणं सुरू ठेवून दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. बेस परत आला तर दोष कुशनचाच. नवी जोडी त्याच मॉडेलची घ्या. मखमली कुशन कानाला सुखद, पण त्यातून हवा जाते, त्यामुळे बेस बहुधा आणखी उतरतो.

घरगुती बदल निरर्थक असतात, असं मात्र मुळीच नाही. जपानच्या फॉस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं उघडला, कपात प्लॅस्टिसिन, कापूस भरून आतला घुमारा दाबला. अमेरिकेतल्या मिस्टरस्पीकर्सचा ‘मॅड डॉग’ हा त्याचाच सुधारलेला अवतार. तुम्हीही कपात थोडा कापूस घालून पाहा. नाही आवडला तर काढता येतो.

फक्त ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला बोट लागू देऊ नका, आणि लोखंडाचा कीस जवळ नको. चुंबक तो ओढून घेतो. ब्लूटूथ हेडफोन असेल तर आत लिथियम बॅटरी असते, तो घरी उघडू नका. वॉरंटी शिल्लक असल्यास आधी सर्व्हिस सेंटर गाठा.