विमानाच्या नळ्यांतील गळती

पुणे-सातारा रस्त्यावरील कापूरहोळ गावापाशी एक वाट भोरकडे वळते व दुसरी नारायणपूरच्या बाजूने पुरंदरच्या पायथ्याशी जाते. कापूरहोळच्या दुकानात घेतलेली खाऊची हवाबंद पुडी पुरंदरच्या माथ्यावर नेली, तर ती अधिक फुगलेली दिसते. पुडीतील हवा वाढलेली नसते. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब उतरलेला असतो.

विमानातील उंचीमापक याच तत्त्वावर चालतो. त्यात धातूची एक बंद डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते आणि काटा सरकतो. हा दाब विमानाच्या अंगावरील एका बारीक छिद्रातून नळीवाटे यंत्रापर्यंत येतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब घेणारी दुसरी नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. या दोन दाबांतील फरकावरून वेगमापक विमानाचा वेग दाखवितो.

मुंबईत कांदिवली येथे आपल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचे विमान २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले. अशा घरी बांधलेल्या विमानाचा प्रत्येक सांधा बांधणाऱ्यालाच तपासावा लागतो.

सांधा गळू लागला तर काय होते? उडताना विमानाच्या आतील दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. छिद्राकडून येणारी नळी आत गळत असेल, तर तो कमी दाब यंत्रांत शिरतो. मग उंची आणि वेग दोन्ही खऱ्यापेक्षा अधिक दिसतात. उतरताना वैमानिक समजतो, वेग पुरेसा आहे. प्रत्यक्षात तो इतका घटलेला असू शकतो की पंख विमानाला तोलून धरीत नाहीत, आणि जमीन तर जवळ आलेली असते.

म्हणून विमान जमिनीवर असतानाच कसोटी घेतात. दोन्ही नळ्या एकत्र जोडून हळूहळू हवा ओढून घ्यावयाची. एकाच नळीतून ओढली, तर वेगमापकावर भलताच ताण येतो. घाईने ओढली, तर नाजूक यंत्र बिघडते. विमान जागचे हलत नाही, पण उंचीमापकाचा काटा १,००० फूट चढतो! मग नळी बंद करून एक मिनिट थांबावयाचे. एवढ्या वेळात काटा १०० फुटांहून अधिक खाली आला, तर गळती आहे असे समजावे.

ती कोठे आहे, हे शोधणे मात्र चिकाटीचे काम. पुष्कळदा तपासणीसाठी जोडलेली नळीच गळत असते, आणि विमान बिचारे निर्दोष असते! ती आधी पाहावी. नंतर छिद्र आणि यंत्रे यांच्यामधील मऊ नळी चिमट्याने दाबून धरावी. काटा स्थिर राहिला, तर दोष छिद्राच्या बाजूला. उतरतच राहिला, तर यंत्रांच्या बाजूला. मग एकेक यंत्र सोडवून त्याच्या जागी बूच बसवावयाचे व प्रत्येक वेळी काट्यावर नजर ठेवावयाची. शेवटी हाती लागते ती बहुधा क्षुल्लक वस्तू : तडकलेली रबरी कडी, सैल राहिलेला आटा, किंवा उन्हाने कडक झालेले नळीचे टोक.

ती बदलली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.