पाठ : ओहोटीचे पाहुणे

प्रस्तावना

समुद्रकिनारा म्हटला, की वाळू, लाटा आणि सूर्यास्त नजरेसमोर येतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. हजारो पक्ष्यांचे अन्न या चिखलातच असते.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण –

- पक्ष्यांच्या जीवनाचा भरती-ओहोटीशी असलेला संबंध सांगू शकाल;
- पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण करताना पाळावयाची पथ्ये स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आहे. दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास येथे रोहित पक्षी मोठ्या संख्येने येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. रोहितालाच फ्लेमिंगो किंवा अग्निपंख असेही म्हणतात. कच्छचे रण हे भारतातील त्यांच्या विणीचे प्रमुख ठिकाण होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२ साली खाडीला ‘रामसर स्थळ’, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळाला.

रोहिताची अन्न मिळवण्याची रीत पाहण्यासारखी असते. उंच पायांवर उभा राहून तो मान खाली घालतो आणि बाकदार चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर होते आणि चोचीतील बारीक जाळीत अन्न अडकते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा रोहित चिखलातील बारीक जीवही खातो. या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी छटा येते.

ही पंगत मात्र सतत मांडलेली नसते. भरतीचे पाणी चढले, की चिखल झाकला जातो. तुतवार, चिखल्या यांसारख्या आखूड पायांच्या पक्ष्यांना तर तेव्हा किनाऱ्यावर नुसते थांबून राहावे लागते. त्यांतील अनेक पक्षी उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांतून आलेले असतात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना येथेच साठवावी लागते. म्हणून ओहोटीचा प्रत्येक तास त्यांच्या दृष्टीने मोलाचा असतो.

उडत्या थव्याचे छायाचित्र सुंदर दिसते, म्हणून कोणी टाळ्या वाजवतो, कोणी खडा भिरकावतो, तर कोणी होडी थेट थव्यात नेतो. पाहणाऱ्याची ती क्षणभराची मौज असते. पक्ष्याला मात्र भरल्या ताटावरून उठावे लागते. उड्डाणात शक्ती खर्च होते आणि खाण्याचा वेळही बुडतो.

जाणकार निरीक्षक भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघतो. पाणी चढू लागले, की पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो आधीच जागा धरून शांत बसतो. सूर्य पाठीशी ठेवतो, मातकट रंगाचे कपडे घालतो आणि दुर्बिणीचा किंवा लांब पल्ल्याच्या भिंगाचा उपयोग करतो. खाणे थांबवून पक्ष्याने मान ताठ केली, तर ती नापसंतीची खूण समजून तो मागे सरतो.

घरट्याजवळ तर अधिकच जपावे लागते. केंटिश चिखल्या उघड्या वाळूतील खळग्यात अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची ती ठिपकेदार अंडी सहज पायाखाली येऊ शकतात. पक्षी घाबरून उठला, तर ती उन्हात तापतात आणि कावळ्यांच्याही नजरेस पडतात. अशा वेळी छायाचित्राचा मोह सोडणे हेच उचित. संरक्षित पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना उपद्रव देणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाही आहे.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांच्या अभ्यासाची सुरुवात लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीपासून झाली. आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. तो हाती असणाऱ्याने संयम पाळला, तरच हा बदल पक्ष्यांच्या हिताचा ठरेल. ज्या छायाचित्रातील पक्षी निर्धास्तपणे खात आहे, तेच छायाचित्र उत्तम.

शब्दार्थ

वीण – पिलांना जन्म देणे
पाणथळ – पाणी साचून राहणारी
निर्धास्त – भीती नसलेला
उपद्रव – त्रास

भाषाभ्यास

‘टिपणे’ या क्रियापदाचे अर्थ पाहा : पक्षी दाणे टिपतो. शिकारी पक्षी टिपतो. छायाचित्रकार क्षण टिपतो. आणखी एका अर्थाने हे क्रियापद वापरून वाक्य लिहा.

स्वाध्याय

१. ‘भरल्या ताटावरून उठणे’ हा शब्दप्रयोग पाठात का केला आहे?
२. जाणकार निरीक्षकाला पक्ष्यांचा पाठलाग का करावा लागत नाही?
३. आपल्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे दुरून निरीक्षण करा व पाच वाक्ये लिहा.