हात लावण्याआधी लिहा

हत्ती-प्याद्यांच्या अंत्यडावात माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं. समोरचा मुलगा हत्तीने शह देत होता आणि मी वेळ मिळवण्यासाठी राजा त्याच दोन घरांत फिरवत होतो. तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार हे त्याने बरोबर हेरलं. त्याने शह दिला, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना हाक मारून बरोबरी मागितली. ती मिळाली नाही, कारण आता पाळी माझी होती. मी राजा दुसरीकडून बाहेर काढला आणि डाव जिंकला. त्याचे भरलेले डोळे पाहून फार वाईट वाटलं. तो अर्धा गुण त्याने खरोखर कमावला होता.

आमच्या गिरगावातल्या फणसवाडीतली मुलं आता मोबाइलवर खेळत मोठी होतात. काही अ‍ॅपवर तिसऱ्यांदा स्थिती आली की डाव आपोआप बरोबरीत सुटतो. पटावर मात्र ती मागावी लागते. पंच स्वतःहून मध्ये पडतात ते पाचव्यांदा. बुद्धिबळ इथे नवं नाही; १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकणाऱ्या वासंती खाडिलकर याच गिरगावच्या. इथले पालक हौसेने ओपनिंगची पुस्तकं आणतात, पण नियम कुणी वाचून दाखवत नाही.

तुमच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर मोहऱ्याला हात लावू नका. चाल स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. हात लागला की त्या चालीपुरता दावा गेला. समोरच्याच्या चालीने स्थिती आली असेल, तर स्वतः खेळण्याआधी मागा.

१९७१ साली ब्यूनस आयर्सला पेत्रोस्यानविरुद्धच्या तिसऱ्या डावात फिशरने असंच ३४ वी चाल नुसती लिहून पंच लोथार श्मिड यांना दाखवली आणि बरोबरी मिळवली. मधल्या खेळ्या सारख्या नव्हत्या. त्याचा वजीर एकदा एच ५ वर गेला होता, एकदा डी ३ वर. मोजायची ती स्थिती. पाळी त्याच खेळाडूची हवी, कॅसलिंगचे आणि एन पासांचे हक्कही तेच हवेत.

दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते, एवढंच. त्या भीतीने गप्प बसू नका. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि चालीमागे ३० सेकंद वाढत नसतील, तर नोंद ठेवणं सक्तीचं नाही. तरी जमेल तितकं लिहा. नोंद तुटली की दावा सिद्ध करणं फार अवघड जातं.